ताटातलं नाव

—नाही, तो फोटो काढ. काढ म्हणते ना! बाकीचे राहू देत, रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्यांवरचा, ब्रायटनचा, सगळे घाल फाइलमध्ये— हा तेवढा नको. का म्हणजे काय? माझे डोळे मिटलेत त्यात. उद्या होम ऑफिसात तुझा व्हिसाचा इंटरव्ह्यू, आणि तिथे तुझी सासू पेंगताना दिसायची! ठेव तो बाजूला. आणि चहा घे गं, निवला बघ.

बरं, मी आता ऑफिसर. नवऱ्याशी ओळख कुठे झाली? — नाही, नाही, असं मुळीच नाही सांगायचं! म्हणे ‘त्याच्या बायकोच्या आजारपणात’! काय वाटेल त्यांना? बायको अंथरुणाला खिळलेली, ही भाडेकरू मागच्या खोलीत, व्हिसा संपलेला, आणि ती गेल्यावर वर्षभरात लग्न— लगेच विमानात बसवतील तुला. आपण सांगायचं, स्टॅनमोरच्या गणपतीत भेटलो. समरलाही तेच पढवलंय मी. — हो गं बाई, खरं काय ते मला माहितीये. तू परत जायला बॅग भरून तयार होतीस. मालविकानेच हात धरला तुझा. माझ्या हातची पेज तिच्या घशाखाली उतरायची नाही, तुझ्या हातची उतरायची— राग यायचा मला, कशाला खोटं बोलू? इतकी वर्षं मी तिची सासू, आणि ती हाका मारायची तुला. राहिलीस तू. ती जाईपर्यंत राहिलीस, आणि सरकारच्या लेखी गुन्हेगार झालीस.

जाऊ दे, पुढचा प्रश्न. पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता? खिडकीच्या. — भिंतीच्या? कधीपासून? खिडकीची बाजू तर— बरं, भिंतीची. चहात साखर किती? अर्धा चमचा. — दोन? अगं, मी रोज अर्धाच घालते की तुझ्या चहात! आणि तू निमूट पितेस? तोंड नाही का तुला? अर्धा चमचा तर तिला... थांब. मला बसू दे जरा. किटली लावली ना, की पाठीमागे तिची चाहूल लागते मला. अजून लागते. वळून बघते, तर तू उभी असतेस. आणि खरं सांगू, मला तुझाच राग येतो.

तो फोटो कशाला उचललास पुन्हा? काय आहे त्यात बघण्यासारखं? तांदळाचं ताट आहे, दुसरं काय! नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने तांदळात बायकोचं नाव लिहायचं, रीतच आहे आपली. समरला कुठलं मराठी वाचता येतंय! जन्म इथला, शनिवारच्या मराठी वर्गातून पळून यायचा. म्हणून मी आधी बोटाने लिहिलं, त्याने वरून अंगठी फिरवली. त्याला वाटलं, शाल्मली असंच लिहितोय आपण. मलाही तेच लिहायचं होतं, देवाशप्पथ! बोट आपलं जुन्याच नावावरून चालत गेलं. पुसायला हात पुढे केला, तर फोटोग्राफर म्हणतो, आँटी, होल्ड इट, लव्हली— आणि डोळे मिटले मी.

तू समोरच होतीस. सांगलीच्या शाळेत शिकलेली. — वाचलंस? तेव्हाच?

आणि गप्प बसलीस! व्हिसासाठी? मान हलवू नकोस, तोंडाने सांग... काय? पुन्हा म्हण. — तुलाही वाटलं, ती तिथे असायला हवी होती? अगं बाई... रडू नकोस. रडू नकोस म्हणते ना, मला नाही बघवत.

राहू दे तो फोटो. घाल फाइलमध्ये. विचारलं त्यांनी, हे कुणाचं नाव, तर सांग. गणपती-बिणपती काही नको. तिने हात धरला, सोडवेना, म्हणून राहिले— एवढंच सांग. समरशी मी बोलते. नाही ऐकलं त्यांनी तर... ऐकतील. ऐकायलाच हवं.

मी? मी येत नाही उद्या. नाही म्हटलं ना! मला सुनेचं नाव विचारलं तर? घरातसुद्धा मी तुला नुसतं ‘अगं’ म्हणते, आलंय तुझ्या लक्षात? — येणारच म्हणा. नावाने हाक मारायला गेले की आधी दुसरंच ओठांवर येतं, म्हणून मारतच नाही. तुझ्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न आहे, तिथे माझी जीभ घसरली म्हणजे? तुम्ही दोघंच जा.

ऊठ आता, समर येईल इतक्यात. तोंड धू. तो चहा ओतून टाक सिंकमध्ये, मी दुसरा करते. दोन चमचे ना?