जमावबंदीतली तिरंदाजी

परवानगी नाही म्हणून पोरांचा कार्यक्रम रद्द करतेस? मग माझं ऐक. तेलंगणा वेगळं व्हायच्या वेळची गोष्ट. सारखे बंद, शाळेला कुलूप, पोरं घरात वैतागलेली. मी बरकतपुऱ्यात आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत तिरंदाजी ठेवली. बाण रबरी टोकाचे, फळीवर रंगीत गोल. पहिला बाण सुटायच्या आत कॉन्स्टेबल हजर.

"अम्मा, जमावबंदी है. पाच लोगां दिखे तो सबको उठातूं."

"चार चलते ना?"

"चार चलते."

झालं तर मग. सगळ्या पोरांना मी आपापल्या गॅलरीत पिटाळलं आणि खाली तिघातिघांनाच बोलावत गेले. चौथी मी. बाण मारून झाले की ती वर, पुढची तिघं खाली. कॉलेजातली थोराड पोरंसुद्धा मुकाट नंबर लावून होती. कॉन्स्टेबल फाटकाशी उभा राहून डोकी मोजत होता. दुपारपर्यंत त्याचेच हात शिवशिवायला लागले. आत आला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, एक तीर मेरेकु भी देव."

मी कमान पाठीमागे धरली. "तीन बच्चे, चौथी मैं, पाचवे आप. अब किसकु उठाते, बोलो."