वाळ्याची पहिली रांग

माझा फोटो नको मॅडम, खरंच नको — रांगेचा काढा, रांग बघण्यासारखी झालीय, माझं तोंड कशाला सोसायटीच्या पत्रकात? दोन पावसाळे हा उतार जागचा हलला नाही, खरंय. पण ते गवताचं काम, परसू माळ्याचं नव्हे. तुम्ही पुण्याहून नव्या आलात म्हणून नवल वाटतं, आमच्या निपाणीकडं बांधावर असतो वाळा. इथं कानडीत लावंच म्हणतात. हा बी धरत नाही, ठोंब फोडून लावायचा, पावसाच्या तोंडाला, चार-चार बोटांवर. वर दिसतं ते काहीच नाही — मुळं आडवी पसरत नाहीत ह्याची, सरळ खाली, दोन पुरुष खोल. उपटून बघा एक. ओढा हो, स्वल्प जोर लावा — नाही ना येत? पहिली रांग असती तर हातात आली असती.

म्हणजे… हो, आधी एक रांग होती. मी नि मंजुनाथनं मिळून लावलेली. मंजुनाथ दुसरा माळी, आठ वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही — त्याची नाचणीची भाकरी, माझी ज्वारीची. तर वाळ्याची मुळं दीड वर्षात काढणीला येतात, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात आमच्या कृष्णाबाईचं ऑपरेशन झालं — बायको माझी — पत्र्याची खोली, टाके घामानं चिघळायचे. म्हटलं, मुळांचा पडदा विणून दारात लावू, पाणी मारलं की गार वारा येतो. एकच ठोंब काढणार होतो, देवाशपथ. पण पडद्याला एका ठोंबानं काय होतंय? दोन काढले, चार काढले — अख्खी रांग काढली मॅडम, आठवडाभरात, मंजुनाथ गावी गेलेला तेव्हा. आणि मुळं कापून वरचा बुडखा परत तिथंच खोचला. लागवडीची रीतच आहे ती, असाच लावतात, म्हणून कुणाला कळलं नाही. वरून हिरवीगार. तुमच्याआधीचे सेक्रेटरी अप्पासाहेब रोज तिथून फिरायला जायचे, वा परसू म्हणायचे. मलाही वाटलं, गवतच आहे, पावसाआधी धरेल. माळी असून असं वाटलं मला.

नाही धरलं. जूनमध्ये उतार खाली आला, थेट मुलांच्या झोपाळ्यांवर. शाळेची वेळ होती म्हणून, नाहीतर — जाऊ दे. मग मीटिंग. कुणीतरी म्हणालं, मंजुनाथ उतारावर पाण्याचा पाइप चालू ठेवून गेला असेल. अप्पासाहेबांनी मला विचारलं, "परसू, पाइप चालू होता काय?" मंजुनाथ शेजारीच उभा, माझ्याकडं बघत. मी म्हणालो, "असेल." एवढंच. होता असं म्हणालो नाही — असेल. खोटं कुठं बोललो, असं दोन वर्षं मनाला समजावतोय, पण लाज काही जात नाही. त्याला त्याच दिवशी काढलं. चामराजपेटेत हमाली करतो म्हणे, पाठीचं दुखणं असताना. जाताना डबा धुऊन माझ्या हातात दिला. पडदा अजून आहे घरी. कृष्णाबाई त्यावर पाणी शिंपडते, वास सुटला की म्हणते, किती मायेनं केलात हो. मग मी बाहेर जाऊन उभा राहतो.

रडत नाही हो, ऊन लागतंय डोळ्याला. तुम्ही का फोन खाली घेतलात? चालू करा व्हिडिओ. सरी, बरं, सांगतो सगळं — अप्पासाहेबांना ऐकू दे, मंजुनाथलाही कुणीतरी ऐकवेल. झालं चालू? — हां. मी परसू. इथला माळी. हा वाळा, म्हणजे गवतच. ह्याची मुळं सरळ खाली जातात. आधीची रांग, ती… ती पाइपच्या पाण्यानं…

बंद करा. जा मॅडम तुम्ही. मला झाडांना पाणी सोडायचंय.