आधी हात वर करा

आणि वर सर मलाच विचारतात, "पेशंट तुमच्या डोळ्यांदेखत गेला, तुम्ही काय करत होतात?" काय करत होतो म्हणजे? हात वर करून उभा होतो! तुम्हाला सांगतो, ऑनलाइन आम्ही एक नंबर होतो.

सहा महिने टीमवर्कचं ट्रेनिंग घरून. स्क्रीनवर चार चौकोन... एकात होऊ घातलेला डॉक्टर, एकात फार्मसीवाली, एकात फिजिओथेरपीवाला आणि चौथ्यात मी, नर्सिंगचा, मागे आई भांडी आपटतेय. नियम एकच. बोलायचं तर हात वर करा, सरांनी नाव घेतलं की बोला. सर खूश, "वा, काय शिस्त आहे, कोणी कोणाला मधे तोडत नाही." तोडणार कसं, दोघं कॅमेरा बंद करून झोपलेले. पण मार्क? दहापैकी दहा.

मग निघालं, वॉर्डात पाठवण्याआधी समोरासमोर परीक्षा. नापास झालात तर वॉर्ड सहा महिने लांब. आणि आईनं अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं, "आमचा सोमवारपासून हॉस्पिटलात." म्हटलं, घाबरायचं कशाला... ऑनलाइन आम्ही एक नंबर.

पेशंट कोण, तर वॉर्ड झाडणाऱ्या मावशी. पलंगावर आडव्या झाल्या, छाती धरली, "आई गं, दम लागला," म्हणाल्या आणि डोळे मिटले. सर घड्याळ लावून कोपऱ्यात. आणि आम्हा चौघांचे हात वर. मी सरांकडे बघतोय, सर माझ्याकडे, डॉक्टर छताकडे... नाव कोणी घेईचना. फार्मसीवाली हळूच विचारते, "माझा आवाज येतोय का?" अगं बाई, तू माझ्या पायावर उभी आहेस!

दोन मिनिटांनी मावशींनी एक डोळा उघडला. "मेले की रे मी केव्हाची. हात कसले वर करताय, बस थांबवताय?" आणि ताडकन उठून बसल्या. "ए डॉक्टर, नाडी बघ. तू ऑक्सिजन आण. पोरी, औषधं काढ. आणि लांबड्या, पाठीला उशी दे, दम लागलेल्याला आडवं ठेवतात होय?" लांबड्या म्हणजे मी. मिनिटात सगळं झालं हो. मला तर भरून आलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपली टीम आहे.

सरांनी निकाल वाचला. नेतृत्व उत्तम, संवाद उत्तम, निर्णय अचूक. मी आईला फोन लावायला मोबाईलसुद्धा काढला... तर सर म्हणतात, "हे मावशींचे मार्क."

काय करणार. ऑनलाइन आम्ही एक नंबर होतो. समोरासमोर आमच्यातून पास झाला तो फक्त पेशंट.