कावळ्याला दिलेला शब्द

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोघे भाऊ होते, त्याच कामासाठी आलेले.

"फुटबॉलच्या एका प्लेऑफ मॅचसाठी काहून बोंबलून राहिला बे, लोकेश? हारलो तर पुढच्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये जाऊ."

"काकाच्या पिंडाले कावळा शिवत नव्हता, तेव्हा हात जोडून कोण बोललं, 'काका, यंदाच टीम वर नेतो'?"

"दोन तास उन्हात उभे होतो न सगळे!"

"'कोशिश करतो' म्हणायचं होतं, भैया."

"म्हटलं न. कावळा हलला नाही."

"अन् 'वर नेतो' म्हटल्यावर?"

"लगेच आला."

"मग रविवारी जिंकाच लागन. गोलमध्ये कोण उभा राहीन?"

"आतापर्यंत तर काकाच राहत होते."