झाडाची भुकटी, तरी जहरच

माह्यं माहेर भामरागडाकडलं, नदीच्या पल्याड. पावसाळ्यात रस्ता बंद झाला का गावच बंद, दुकान नाई, डाक्टर नाई, मंग काय सांगू तुम्हाले भाऊ, खाटेत ढेकूण झाले, डोक्यात उवा झाल्या, कोंबड्याईले किडे लागले, तं सारं जंगलातूनच आणावं लागे. माही माय भुकट्या करे. कडुलिंबाचा पाला वाळवून करे, वेखंड कुटून करे, सिताफळाच्या बिया वाटून करे. अन् बिया वाटाले बसली का तोंडाले फडकं बांधे, आम्हा पोट्ट्याईले अंगणाबाहेर हाकले, वाऱ्याकडं पाठ करून बसे. ते भुकटी बांबूच्या नळकांड्यात भरून वर छताले टांगे, चुलीजवळ कधीच नाई. मी म्हणो, माय, झाडाचीच तं हाय, काऊन भेतं? तं म्हणे, झाडाची हाय म्हणून उवा का हसून मरते? जहरानंच मरते ना.

लग्न होऊन इकडं कुरखेड्याच्या अंगाले आली. नवरा धानाच्या बांधीत, मी बांधीतही अन् बाजारातही. आठवडी बाजारात भुकट्या घेऊन बसो, हे गादीखाली टाका, हे कोंबड्याच्या खुराड्यात टाका, टाकताना नाकाले पदर लावा, असं सांगून देवो. तंबाखूची भुकटी ठेवो कुत्र्याच्या पिसवासाठी, सारेच ठेवत. तं जनावराच्या दवाखान्यातल्या मॅडम बाजारात आल्या अन् म्हणे, मावशी, कुत्रं अंग चाटते, तंबाखू पोटात जाते, त्यानं मरते कुत्रं. मांजर तं दिवसभर चाटूनच राह्यते. मले पटलं, बंद केली. सिताफळाची तं मी बाजारात नेतच नव्हती. डोळ्यात गेली तं डोळा जाते, कोणाच्या घरी कोण कशी लावन, मी का पाहाले जातो?

माही सून वैशाली, शिकलेली, हुशार पोरगी. तिनं बायकाईचा बचत गट काढला, भुकटी दळाची मशीन आणली, मलेच म्हणे, आई, तुम्ही शिकवा. शिकवलं. मंग नागपूरहून एक व्यापारी आला. म्हणे एकच भुकटी पाह्यजे, ढेकणाले चालली पाह्यजे, उवाले चालली पाह्यजे, कुत्र्याच्या गोचिडाले चालली पाह्यजे, अन् झटक्यात काम झालं पाह्यजे, म्हणून सिताफळाच्या बिया जास्त टाका. पाकीट दाखवलं त्यानं. वर हासणारी पोट्टी, तिच्या मांडीवर मांजर, अन् खाली लिहेल, शंभर टक्के नैसर्गिक, लेकराबाळांसाठी सुरक्षित. वैशालीनं वाचून दाखवलं. मी म्हणलं, हे खोटं हाय. तो हासला, म्हणे, आजी, केमिकल नाई ना त्याच्यात, मंग काय होते? बायकाही हासल्या. मी उठून घरी आली. पोत्यानं बिया येऊन राह्यल्या, मशीन चालू, पाकिटं भरून चालली, आमच्याच बाजारातल्या दुकानातही लटकली, अन् घरात सासू-सुनेचं बोलणं बंद.

अशात एक बाजाराचा दिवस. बाजारासमोर हसीनाबीचं शिलाईचं दुकान हाय, माहे पोलके तीच शिवते. ते नातनीले, रुखसारले, हाताले धरून पळतच आली. पोट्टी डोळा दाबून रडून राह्यली. तिच्या मायनं उवासाठी डोक्याले भुकटी लावली, वरून पाणी टाकलं, पाणी डोळ्यात उतरलं. हसीनाबीच्या हातात तेच पाकीट. मी माही पाण्याची कॅन उचलली, पोट्टीची मान एका बाजूले केली, अन् डोळ्यावर धार धरली, कॅन रिकामी होतवर धरली, मंग आटोत घालून दवाखान्यात. डाक्टर म्हणे, लगेच धुतला म्हणून बरं झालं, तरी डोळ्याच्या बुबुळाले जखम हाय. बरेच दिवस पोट्टीले उजेड सहन झाला नाई, खिडकीले चादर लावून बसे. हसीनाबी मले रागावली नाई, भाऊ, रागावली असती तं बरं. ते एवढंच म्हणली, पाकिटावर लिहिलं होतं ना बाई, सुरक्षित हाय म्हणून.

मी ते पाकीट घेऊन गटात गेली. मशीन बंद करा म्हणलं. वैशालीनं त्या व्यापाऱ्याले फोन लावला, तं तो म्हणे, लोकं बरोबर वापरत नाई, आपली काय गलती? मी फोनावरच म्हणलं, बरोबर कसं वापरावं हे तुह्या पाकिटावर कुठी लिहेल हाय, सांग. त्यानं ऐकलं नाई. बायका म्हणे, शेवंताबाई, हातचं काम जाईन, घरच्याच सुनेचं नुकसान करून राह्यल्या. मंग मी काय केलं, बियांच्या पोत्यावर जाऊन बसली. म्हणलं, पह्यले मले उचला, मंग बिया उचला. एक जण हात धराले आली, मी हात झटकला.

वैशाली म्हणे, आई, उठा. मी नाई उठली. ते बराच वेळ त्या पाकिटावरच्या पोट्टीच्या फोटोकडं पाहत राह्यली. मंग तिनंच फोन घेतला अन् त्याले म्हणली, हे लिहेल बदला, अन् सिताफळ काढा, नाई तं आमचा माल भेटणार नाई. त्यानं फोन ठेवला. काम गेलं. कितीक बायका गट सोडून गेल्या, एकदोघी अजूनही मले पाहून तोंड फिरवते. फिरवा म्हणा.

आता गट फक्त लिंबाची अन् वेखंडाची करते, खुराड्यासाठी अन् गादीसाठी. वैशालीनं पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलं, डोळ्यात जाऊ देऊ नका, लेकराच्या हाती देऊ नका, मांजरीवर टाकू नका. कमी खपते. खपू दे. त्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या गावाहून भुकटी घेतली, त्याचं पाकीट अजून बाजारातल्या एका दुकानात लटकून हाय, म्हणून मी त्या दुकानासमोरच बसतो अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतो. दुकानदार म्हणे, तक्रार करीन. म्हणलं, कर, मी पाकीट घेऊनच येतो. नवरा म्हणते, या वयात कायले भांडतं. या वयात नाई तं कधी?

रुखसार बरी हाय आता, शाळेत जाते, तिचा डोळा असाच चांगला राहो. बाजारात लोकं मले विचारते, याच्यानं काही होत नाई ना बाई? मी म्हणतो, होते. कसं होते ते ऐकाचं असन तं बसा, नाई तं पुढं जा. भाऊ, हे असंच लिहा, माह्या नावासकट लिहा.