चिखलातले शिंपले

हेमचंद्र: चारबाग स्टेशनला पोचायला अर्धा तास लागतो, विनया. लखनौ मेल माझ्यासाठी थांबणार नाही. उद्या दिल्लीत अनुदानाची कमिटी, आणि तू आत्ता सांगतेस शिंपले चुकले?

विनया: चुकले नाहीत, सर. मिसळले.

हेमचंद्र: सगळे समुद्राच्या तळाचेच ना?

विनया: तळाचेच. पण एक प्रकार चिखलावर राहतो, दुसरा चिखलाच्या आत. हिमयुगाच्या थरांत वरचे पुरेसे मिळेनात. यंत्रात एकदा मोजायला ठरावीक वजन लागतंच, तेव्हा तुम्ही म्हणालात, आतले घालून भर.

हेमचंद्र: अरे भई, सगळेच तसं करतात.

विनया: मलाही तेच वाटायचं. पण वाळूच्या कणाएवढे ते शिंपले रोज ओल्या ब्रशने उचलताना शंका पिच्छा सोडेना. जिथे दोन्ही सापडले, ते वेगळे करून अहमदाबादच्या प्रयोगशाळेत पाठवले. आज सकाळी आकडे आले. थर एकच, तरी आतल्यांचा कार्बन दर वेळी हलका.

हेमचंद्र: कुजलेल्या चिखलाचा.

विनया: हो. आणि तो हलकेपणा पाण्याचा धरून आपण समजलो, खोल पाणीच वर न येता तळाशी पडून राहिलं होतं.

हेमचंद्र: मॉडेलमध्ये किती फरक पडतो?

विनया: समुद्राचे चारच तर खण केलेत आपण. कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा मांडले. हिमयुगात पाण्याचं फिरणं निम्म्यावर आलं, असं आपण म्हणतो. तसं नाही. जरासं मंदावलं, एवढंच. हिमयुगात हवेतला जो कार्बन घटला, तो तेवढ्याने समुद्रात जात नाही.

हेमचंद्र: मग तो गेला कुठे?

विनया: माहीत नाही.

हेमचंद्र: छान! त्या ‘निम्म्या’वर प्रकल्पाची पुढची तीन वर्षं टांगलीत. परत आल्यावर बघू.

विनया: परत आल्यावर तो आकडा मंजूर झालेला असेल.

हेमचंद्र: आणि तुझी जागा? ती याच प्रकल्पातली आहे. प्रकल्प गेला की तू वर्ध्याला. बाबांनी स्थळ बघून ठेवलंय, तूच डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतंस. मी काय, निवृत्त होईन, गुलाब लावीन. तू काय करशील?

विनया: ते मध्ये आणू नका, सर. फार राग येतो मला.

हेमचंद्र: येऊ दे. मी नाही आणलं तर कोण आणणार? इथे तुझं आहे कोण दुसरं?

(बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत राहतो.)

हेमचंद्र: रुको भैया, आ रहे हैं! ...बोल, काय म्हणणं आहे तुझं?

विनया: तो ‘निम्म्या’चा आलेख दाखवणार असाल, तर त्यावरून माझं नाव काढा.

हेमचंद्र: अच्छा! मला धमकी?

विनया: धमकी कसली, सर. आकडे आल्यापासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही मी.

हेमचंद्र: ...बस. पाणी पी आधी.

विनया: नको.

हेमचंद्र: पी म्हणतो ना. आणि तो स्लाइडचा ट्रे दे इकडे. ही त्या आलेखाची काढली. तुझे आकडे कागदावर लिहून दे, मोठ्या अक्षरांत. गाडीतले दिवे मंद असतात.

विनया: कमिटीने विचारलं, कार्बन कुठे गेला, तर?

हेमचंद्र: माहीत नाही म्हणेन. इतक्या वर्षांत त्या टेबलासमोर हे कधी बोललो नाही. जड जाईल, पण बोलेन.

विनया: ते पैसे बंद करतील, सर.

हेमचंद्र: करतीलही. भांडून बघतो, सहा महिने तरी पदरात पाडून घेतो. तू एवढ्यात बाबांना काही कळवू नकोस.

विनया: दुपारीच त्यांना तार केली, सर. वर्ध्याला परत येते म्हणून.