सहा प्रश्नचिन्हांचा पेशंट

अहो, नाव नको? माणसाला गाठ येते, तुकडा तपासायला जातो, रिपोर्ट येतो, त्याला नाव नको? तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांच्या रिपोर्टच्या फाइलचं नाव काय होतं? सहा प्रश्नचिन्हं! ओळीनं! हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "ताई, हे काय?" तर त्यांनी लॅबला फोन लावला, आणि तिथला कॉम्प्युटरवाला म्हणतो, "आमच्याकडे बरोबर दिसतंय!"

मी फोन हिसकावला. तर तो सांगतो, "त्याचं असंय काका, फाइलच्या पुढे सर्व्हर एक चिठ्ठी धाडतो, हेडर म्हणतात. नाव त्यात असतं. अक्षरं कुठली ते त्यात नीट सांगितलं नाही, तर आपल्या अक्षरांची वाटेत प्रश्नचिन्हं होतात." म्हटलं, "मग सांगा ना नीट!" तर म्हणे, "सांगायचं काय त्यात? आमच्याकडे बरोबर दिसतंय!"

बरं, आत तरी नाव असेल? छे! बाई म्हणतात, "गुप्तता असते हो, नाव फक्त फाइलला." गुप्तता इतकी, की खुद्द पेशंटला पत्ता नाही! आणि त्या दिवशी सहा प्रश्नचिन्हांच्या फाइली आल्या दोन. बाईंनी वरची उघडली. "ही तुमचीच. साधी गाठ आहे, काळजी नको." आई तिथंच ढसाढसा रडली. बाबा आठवडाभर शीळ घालत हिंडत होते हो...

मग हॉस्पिटलचा फोन. "जरा येऊन जाता?" गेलो. हेडर दुरुस्त झालेलं! नाव अख्खं, काना-मात्रेसकट, बाबांचंच! आणि डॉक्टर चष्मा पुसतायत... पुसतायत... कॅन्सर. पसरलेला.

मी काउंटरवर असा तडकलो म्हणता! पण बाबांनी दंड धरला. "थांब रे. ताई, मग माझा रिपोर्ट इतके दिवस कुणाकडे होता?"

"आहेत एक गृहस्थ."

"त्यांना कळवलंत?"

"मेसेज गेलाय ना. आमच्याकडे बरोबर..."

बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. "पत्ता द्या." बाईंनी खाली मान घालून दिला. गुप्तता गेली उडत!

आता मला सांगा, अशा माणसापुढे काय बोलायचं? केमोचं पहिलं सलाइन लागायच्या आधी आमचे बाबा निघालेत एका अनोळखी दारात, सांगायला, की रडू नका हो, ते तुम्ही नाही, मी आहे. आणि गाडी कोण चालवणार? मीच की!